वाचला गेलेला अर्ज

१९८१ साली जालना जिल्हा झाला, कचेऱ्या वाढल्या, आणि त्याच वर्षी तातेराव टाइपरायटर घेऊन कचेरीच्या भिंतीलगत बसू लागले. अर्ज लिहिणं हा त्यांचा धंदा. विहीर मंजूर करा, सातबाऱ्यावर नाव लावा, थकलेला पगार द्या, नवरा नांदवत नाही. समोरचा माणूस अडखळत, उलटसुलट सांगायचा आणि तातेराव त्याचं ‘मी’ करून लिहायचे. मी अमुक, वय इतकं, राहणार अमुक. नाव, गाव आणि तारीख नसलेलं दुःख कोणी खरं मानत नाही, असं ते म्हणायचे.

लिहिलेला अर्ज आत जायचा, त्यावर शिक्का बसायचा, तो फायलीत लागायचा. पंचवीस वर्षांत आपला एखादा अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचला, असं त्यांच्या कानावर आलं नाही. पुढे पुढे त्याचं वाईटही वाटेनासं झालं. लिहिणं म्हणजे कागद एका टेबलावर नेऊन ठेवणं, एवढंच त्यांना माहीत होतं.

२००६ पर्यंत छापील फॉर्म आले, कॉम्प्युटर आले आणि भिंतीलगतची गिऱ्हाइकं आटली. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर चांदपाशाचं इंटरनेटचं दुकान होतं. त्याने तातेरावांना काम मिळवून दिलं. पुण्यातली एक कंपनी मराठी वेबसाइट चालवायची. तिला बायकांचे अनुभव हवे होते, ‘मी’ म्हणून लिहिलेले, पाचशे शब्दांत. एका लेखाला दीडशे रुपये. टाइपरायटरच्याच कळा चालतील असा फॉन्ट चांदपाशाने मशीनवर टाकून दिला, आणि तातेराव तीन नंबरच्या खुर्चीत बसून आठवड्याला चार बायका होऊ लागले.

“आज कोणाला रडवून राह्यले, भाऊ?” चांदपाशा विचारायचा.

“परभणीची आहे एक. नवरा दारू पितो.”

“मागच्या हप्त्यात बी दारूच होती. बदला जरा. पत्ते खेळू द्या त्याला.”

तातेराव हसायचे नाहीत, पण पुढच्या लेखातला नवरा पत्ते खेळायचा. लेख पाठवला की ते उठायचे. वेबसाइटवर आलेलं पान त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. अर्ज दिल्यावर फाइल उघडून कोण बघतं?

वर्षभराने पुण्याहून लेख निवडणाऱ्या मुलीचा फोन आला. “काका, साहेब म्हणतात हे सगळं बनवल्यासारखं वाटतं. खरं काही असेल तर पाठवा. नाहीतर या महिन्यापासून थांबू आपण.”

साहेब म्हटल्यावर तातेरावांना ओळखीची खोली दिसली. एक टेबल, एक चष्मा, एक वैतागलेला माणूस. त्या माणसाची खात्री पटवायची होती, बस.

घरी पेटीत त्यांच्या स्वतःच्या मुलीचा अर्ज होता. सत्यशीला अंबड तालुक्यात दिलेली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासूने तापलेल्या उलथन्याने तिच्या दंडावर डाग दिला, तेव्हा ती माहेरी आली होती. तिने सांगितलं, बापाने टाइप केलं. पण अर्ज पोलिसांत गेला नाही. पाच माणसांची बैठक बसली आणि सासरच्यांनी तिला एका अटीवर परत नेलं : यातलं एक अक्षर कधी कागदावर दिसता कामा नये. ती नांदू लागली. तिला मुलगी झाली. गावाचं नाव मी इथे देत नाही. एकदा दिलं गेलं तेवढं पुरे.

तातेरावांनी तो अर्ज तीन नंबरच्या मशीनवर जसाच्या तसा उतरवला. नावं बदलावी असं क्षणभर मनात आलं. पण नाव बदललं की अर्ज खोटा होतो, आणि साहेबाला खोटं लगेच ओळखू येत होतं. लेख लागलीच घेतला गेला.

सासरचा एक पुतण्या पुण्यात शिकत होता. पोळ्याला तो गावी आला तेव्हा त्याच्या पिशवीत त्या पानाची प्रिंट होती.

दोन दिवसांनी भर दुपारी सत्यशीला जुन्या जालन्यातल्या घरी आली. एकटीच. पोरीला सासरच्यांनी सोबत दिलं नव्हतं.

“आबा, हे तुम्ही लिहिलं?”

तातेरावांनी प्रिंट हातात घेतली. आपला मजकूर, फक्त वर वेबसाइटची गुलाबी पट्टी. “तूच सांगितलेलं आहे, माय.”

“अर्जासाठी सांगितल्तं. तो दिला का आपण?”

“कोण वाचतंय असं वाटलं.”

“सगळ्या भावकीनं वाचलं. ज्याला वाचता येत न्हाई त्याला वाचून दाखवलं. सासूबाईंनी दोनदा ऐकलं. जाऊ म्हणली, दाखव बरं बाई, कोणता दंड ते.”

चांदपाशाने पुण्याला फोन करून पान काढायला लावलं. पण सासरच्यांना तेवढ्याने भागणार नव्हतं. त्यांना शंभराच्या मुद्रांकावर सत्यशीलाच्या सहीचं लिहून हवं होतं : मजकूर साफ खोटा आहे, मी रागाच्या भरात रचला होता, डाग माझ्याच हातून भजी तळताना पडला. तसं लिहून देणार असशील तर ये, नाहीतर पोरगी इथंच राहील आणि तू तिथंच राहा.

तातेराव ते लिहायला बसले. मी सत्यशीला, वय सव्वीस, धंदा घरकाम. हात सरावलेला होता. एकही शब्द खोडावा लागला नाही. कढई किती मोठी होती, तेल कसं उडालं, सासूने लोणी कसं लावलं, तेही त्यांनी घातलं.

सत्यशीला खांद्यावरून बघत होती. “उद्या परत कोणी हात उचलला तर?”

तातेरावांनी बोटं थांबवली. कागद काय करतात हे त्यांच्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. “तर हाच कागद ते पुढं करतील. तुझं कोणी ऐकणार न्हाई.”

ते तिच्याकडे वळले.

“नको करू सही. इथं राहा.”

“आन पोरगी?”

त्यांनी उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या. सही घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, ही धंद्याची रीत. निरक्षर असो की मास्तर, तातेरावांनी ती कधी चुकवली नव्हती. त्यांनी वाचायला सुरुवात केली. कढईपाशी ते अडले. त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सत्यशीला भिंतीला टेकून प्रत्येक वाक्याला हं म्हणत होती, गोष्ट ऐकताना पोरं म्हणतात तसं.

वाचून झाल्यावर, सगळं समजलं का, मान्य आहे का, असं विचारायचं असतं. तातेराव तिच्याकडे बघून तोंड उघडणार, तेवढ्यात तिने कागद ओढून घेतला.

“इचारू नका, आबा. कुठं करायची ते दाखवा.”