आई, काही शिजवू नकोस

नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर मुलाचा फोन आला. "आई, पंचवीसला आम्ही येतोय. पिल्लूला घेऊन. पण तू काही शिजवू नकोस."

मी कोळीवाड्यातली. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात जन्मले, लग्न होऊन नेरूळच्या या फ्लॅटमध्ये आले आणि तेव्हापासून ओट्याशी उभी आहे. मला काही शिजवू नकोस सांगणं म्हणजे बाजारात बसलेल्या कोळणीला गप्प राहा सांगणं. तरी मी हो म्हटलं. मुलगा दुसऱ्यांदा बोलायच्या आत म्हटलं. कारण माझी नात गणपतीनंतर माझ्याकडे आलेली नव्हती.

तिला सिलिॲक आहे. आठ वर्षांची पोर. गव्हातलं काहीतरी तिच्या आतड्यांना सोसत नाही. पोळी नाही, पाव नाही, रवा नाही, मैदा नाही, बिस्किटाचा चुरादेखील नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा सगळे रडकुंडीला आले होते आणि मी मात्र मनातून निर्धास्त होते, आता सांगायला हरकत नाही. म्हटलं, हात्तिच्या! आपण भाताची माणसं. तांदळाची भाकरी, भात, मासळी. सून घाटावरची, तिकडे घरोघरी पोळ्यांची चळत लागते, तिला टेन्शन येणारच. माझ्या घरी ही पोर राजासारखी जेवेल. दिवाळ्याला माझी धाकटी बहीण अजून मासळी विकते, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्याकडं गहू कवा व्हता गो? तुजी सून उगाच घाबरते. पोरीला तुज्याकडंच ठेव."

आणि ती यायचीही. दर शनिवारी संध्याकाळी सून तिला सोडून जायची, रविवारी रात्री घेऊन जायची. मी सगळं बदललं होतं. बोंबील, सुरमई तळायला रवा बंद, तांदळाचं पीठ सुरू. आमच्या ह्यांचा सकाळच्या चहाबरोबरचा पाव बंद. बेलापूरच्या ऑफिसात उभा जन्म नोकरी केलेला माणूस, त्या कँटीनच्या पावावर वाढलेला. तोंड एवढंसं झालं, पण बोलला नाही. सून सुरुवातीला बारीकसारीक विचारायची. सॉस कुठला, बेसन कुठलं, पापड कोणाचे. मला राग यायचा, पण उत्तरं द्यायचे. मसाल्याचं विचारलं तेव्हा मी हसलेच. म्हटलं, "अगं, घरचा आहे. मी स्वतः उन्हात वाळवलेल्या मिरच्या. त्यात गहू कुठून येणार?" तीही हसली. नंतर तिने तो प्रश्न विचारला नाही.

पोरीला माझी कोळंबी फार आवडायची. आधी बोटाने कालवण चाटायची, मग भात कालवायची.

पण तिचं पोट काही केल्या सुधारेना. वजन वाढेना, उंची अडली. शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत, अगदी टोकाला. रक्ताच्या तपासणीत कसलासा आकडा असतो, तो खाली यायला हवा होता, तो येईना. डॉक्टर म्हणायचे, कुठून तरी पोटात जातंय. सुनेने घर उलटंपालटं केलं. टूथपेस्ट बदलली, औषधाच्या गोळ्या बदलल्या. गणपतीनंतर पोर एकदा इतकी आजारी पडली की सलाइन लावावं लागलं. तेव्हा सुनेने मला शांतपणे सांगितलं, "आई, थोडे दिवस तिचं सगळं खाणं मी माझ्या डोळ्यांसमोर करते. राग मानू नका." मी राग मानला. खूप मानला. फोनवर नीट बोलायचेही नाही.

आणि डिसेंबरात मुलाच्या ह्याच फोनवर कळलं की आकडा खाली आलाय. चांगला खाली आलाय. वजनही वाढलंय.

"बरं झालं," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच हिशेब झाला होता. पोर माझ्याकडे यायची थांबली आणि बरी व्हायला लागली.

फोन ठेवण्याआधी त्याने सांगितलं की येण्याची कल्पना सुनेचीच. आजीकडे जायचं म्हणून पोर रोज रडते. तेव्हा सुनेने असं ठरवलं, की पहिल्यांदा काही शिजवायचंच नाही. फळं आणि चीज. काडीला टोचून द्यायचं, पार्टीत देतात तसं. गॅस नाही, कढई नाही, पीठ नाही, चूक व्हायला जागाच नाही. ते नीट पार पडलं तर पोर सुट्टीभर आजीकडे राहील. सुनेने मोबाइलवर एक व्हिडिओपण पाठवला. त्यात एक बाई नखं रंगवून द्राक्ष, चीज, स्ट्रॉबेरी असं काडीत ओवत होती आणि दर वेळी कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. याला स्वयंपाक म्हणायचं? पण मी तो व्हिडिओ परीक्षेचा अभ्यास करावा तसा पाहिला.

आमच्या घरात सोवळंओवळं कधी नव्हतं. मासळी खाणाऱ्यांना कुठलं सोवळं! पण त्या दिवशी मी सोवळ्यातल्या बाईसारखी वावरले. पोर येईनाशी झाल्यावर पुन्हा भरलेला गव्हाच्या पिठाचा डबा आदल्या दिवशीच शेजारणीकडे नेऊन ठेवला. ओटा घासला, पुन्हा घासला. नेरूळच्या मार्केटातून नवी सुरी, कापायचा नवा पाट, नवं ताट आणलं. जुन्या लाकडी पाटाच्या भेगांत काय बसलं असेल कोण जाणे, म्हणून तो गॅलरीत ठेवून दिला. हे सकाळी चहा मागायला आले तर त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. "हात धुतले?" "अगं, चहा प्यायचाय, ऑपरेशन नाही करायचंय." "धुवून या."

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या आल्या होत्या, त्या घेतल्या. काळी द्राक्षं घेतली. अननस अख्खाच आणला, गाडीवाल्याने कापून देतो म्हटलं तरी त्याच्या सुरीचा भरवसा नको. चीजचे चौकोनी तुकडे, चांदीच्या कागदातले. अर्धी पपई ताटात पालथी घातली आणि तिच्या पाठीवर काड्या खोचत गेले. द्राक्ष, चीज, अननस. स्ट्रॉबेरी, चीज, पुदिन्याचं पान. हळूहळू ताटात एक साळिंदर बसलं. मला आवडलं ते. हे म्हणाले, "झकास." मीपण मनात म्हटलं, झकास.

मग एक काडी चाखून बघितली. द्राक्ष चांगलं, चीज चांगलं, पण दोघांची एकमेकांशी ओळखच नव्हती. पांचट. आजाऱ्याला देतात तसं. इतक्या महिन्यांनी पोर माझ्या हातचं काही खाणार आणि ते हे? फळावर आपण काय घालतो? पेरू असो, काकडी असो, काय घालतो? चाट मसाला. घरातलं उघडं पाकीट मुद्दाम घेतलं नाही, त्यात कोणाचा पिठाचा चमचा गेला असेल म्हणून. ह्यांना खाली पाठवून नवंकोरं मागवलं. चिमटी चिमटी करून साळिंदरावर भुरभुरवलं. आता चव आली.

दुपारी ते आले. पोर दारातूनच धावत आली आणि माझ्या कमरेला बिलगली. खरंच जड झाली होती. गाल भरले होते. ते बघून मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी कुठेतरी लागलंही, काय करणार. ताट बघून ती ओरडली, "मम्मी, साळिंदर!" तिने स्ट्रॉबेरीची काडी उपसली आणि तशीच हातात धरून आईकडे बघितलं. तोंडात घातली नाही. आठ वर्षांच्या पोराला एवढा दम असतो का? तिला होता.

सून ताटाजवळ आली. "आई, किती सुंदर केलंय!" मनापासून म्हणाली. मी तिला नव्या सुरीपाटाचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता. मग ती वाकली आणि बारीक डोळे करून बघितलं.

"हे वर काय आहे?"

"चाट मसाला. नवं पाकीट आहे, आत्ताच फोडलंय."

"थांब बाळा," ती पोरीला म्हणाली. आवाज चढवला नाही. पोरीने काडी लगेच ताटात ठेवली. "आई, चाट मसाल्यात हिंग असतो."

"असेना. हिंग म्हणजे काय गहू आहे?"

"आपल्याला दुकानात मिळतो तो, पूड असो की खडा, नुसता हिंग नसतो. नुसता हिंग फार उग्र, म्हणून त्यात पीठ मिसळतात. बहुतेक वेळा मैदा, नाहीतर गव्हाचं पीठ."

तिला वाटलं, मला ताटाचं वाईट वाटलं. ती समजूत काढायला लागली, "राहू दे आई, तुम्हाला कसं माहीत असणार, मलाही आत्ताआत्ता कळलं." पण मी ताटाकडे बघतच नव्हते. मी फडताळावरच्या बरणीकडे बघत होते.

आमचा वर्षाचा मसाला. एप्रिल-मे महिन्यात करतो तो. गच्चीत मिरच्या वाळवायच्या, धणे भाजायचे, दालचिनी, लवंग, दगडफूल, सगळं एकेक करून परतायचं आणि शेवटी हिंगाचे खडे तेलात फुलवायचे. ते फुलले की बोटांनी चुरडून घालायचे. सासूबाईंनी मला शिकवलं होतं, हिंगाला कंजुषी करायची नाही. मी कधीच केली नाही. मग तो मसाला कोळंबीत, बोंबलाच्या कालवणात, नुसत्या बटाट्यातसुद्धा. दर शनिवारी, दर रविवारी. पोर कालवण बोटाने चाटायची.

सुनेने माझ्या नजरेमागे बघितलं. तिला लगेच कळलं. हुशार आहे.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "तुमच्या वर्षाच्या मसाल्यात हिंग असतो?"

मला नाही म्हणता आलं असतं. बरणीत डोकावून कोणाला हिंग दिसणार होता? क्षणभर तेही मनात आलं. पण माझ्या नातीचे भरलेले गाल माझ्या समोर होते.

"असतो," मी म्हटलं.

सुनेने डोळे मिटले. मुलगा जमिनीकडे बघत राहिला. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं. हेच पुढे झाले आणि म्हणाले, "त्यात काय, बरणी टाकून देऊ. यंदा बिनहिंगाचा मसाला करू."

पुरुषांना सगळं सोपं वाटतं. बरणी टाकता येते. पण त्या मसाल्याने माखलेल्या कढया, पातेली, डाव, मिक्सरचं भांडं, फ्रीज, माझी नखं? आणि आज हिंग सापडला. उद्या काय सापडेल? तांदळाची पिठी मी ज्या गिरणीतून आणते तिथे त्याच जात्यावर गहू दळतात, हे तिथल्या तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात आलं. हे मी सुनेला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती म्हणाली, "बसा तुम्ही," आणि मला पाणी दिलं.

राहण्याचा विषय कोणी काढलाच नाही. पोरीची कपड्यांची बॅग दाराशी होती, ती कोणी आत आणली नाही.

मी उठले. पोर एवढी आली होती, तिला काहीतरी माझ्या हातचं मिळायलाच हवं होतं. पिशवीत द्राक्षांचा एक घड शिल्लक होता, त्याला मसाला शिवला नव्हता. मी हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत. घड नळाखाली धरला. सून माझ्या बाजूला उभी राहून सगळं बघत होती, मी तिला म्हटलं, "बघ. नीट बघ." ती म्हणाली, "चालेल आई. द्राक्षं चालतील. द्या तुम्ही."

मी द्राक्ष तोडलं आणि पोरीसमोर धरलं. तिच्या तोंडाशी. लहानपणापासून मी तिला असंच भरवलं आहे.

तिने द्राक्षाकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे.

"खा गं," तिची आई म्हणाली. "द्राक्ष खायला काही हरकत नाही."

"पोट भरलंय आजी," ती म्हणाली. फार गोड आवाजात. "थँक्यू."

आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"घाबरतेस का गं मला?" मी विचारलं.

तिने मान हलवून नाही म्हटलं, आणि जाऊन आईच्या मागे उभी राहिली.