डाव्या पंखाशी

आई गेली आणि त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दुःख नाही, राग नाही, भूकसुद्धा नाही. बायको ताट पुढे करायची, मी जेवायचो. "मीठ जास्त झालंय का?" असं तिने विचारलं की मला पुन्हा एक घास खाऊन बघावा लागायचा. भेटायला येणारे म्हणायचे, "आतल्या आत कुढू नकोस रे." अहो, कुढायला आत काहीतरी असावं लागतं! नुसता भुसा भरलाय छातीत, त्याला काय कुढणार.

दादाला हे बघवलं नसावं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो जोगेश्वरीला राहतो आणि एका शाळेची बस चालवतो. मी इकडे मुलुंडला, मधे अख्खी मुंबई आडवी. विमानाचं वेड त्याला लहानपणापासून. आमच्या पार्ल्याच्या खोलीवरून विमानं जायची तेव्हा हा पुस्तक टाकून गॅलरीत पळायचा आणि बाबांचा मार खायचा. आता पन्नाशी उलटल्यावर त्याने कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचा सिम्युलेटर घेतला होता. त्याला गेम म्हटलं की चिडतो. मलाही त्याने जॉयस्टिक आणि हेडफोन घ्यायला लावले. "रविवारी दुपारी बसायचं. कारणं नको सांगू," म्हणाला.

मग रविवारी मासे खाऊन वहिनी आडवी झाली की आम्ही दोघं, आपापल्या घरून इंटरनेटवर, समुद्रावर. विमानवाहू जहाजाच्या डेकवरून विमान असं सुटतं, जसा गलोलीतून खडा. लांब किनाऱ्यावर कुठेतरी जायचं, शत्रूचं रडार उडवायचं आणि परत यायचं. परत येणं हेच खरं काम, कारण जहाज तोवर पुढे सरकलेलं असतं आणि डेक एवढासा. डेकवर आडव्या तारा ताणलेल्या, विमानाच्या शेपटीखालचा हूक त्यातल्या एकीत अडकायला हवा. आणि चाकं टेकली की ब्रेक मारायचा नाही, उलट इंजिन पूर्ण ताणायचं. हूक नाही अडकला तर त्याच जोरावर पुन्हा उडता आलं पाहिजे. दादा बसवाला. चाकं टेकली की त्याचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा, आणि तो थेट समुद्रात. वर म्हणायचा, "वाट लागली यार, पायाला कोण समजावणार?"

मला ते बरं पडायचं. उंची बघा, वेग बघा, डेकच्या डाव्या कडेला उतरायचा दिवा असतो तो बघा. एवढं बघायचं म्हटलं की दुसरं काही वाटावं लागत नाही. मी बॉम्ब टाकले, गावंच्या गावं पेटवली, स्वतः बुडालो. सगळं सारखंच.

मी धाकटा, म्हणून मी त्याच्या डाव्या पंखाशी उडायचं असं त्याने ठरवून टाकलं होतं. आणि तिथेच घोळ सुरू झाला. सरळ जाता जाता हा अचानक डावीकडे वळायचा, तो माझ्या अंगावरच. दोन्ही विमानं खलास.

"मेल्या, मधी कित्याक येतंस?" तापला की दादा मालवणीवर यायचा.

"मी जागेवरच आहे. तू वळलास."

"माका दिसलंस नाय तू."

"बस पण अशीच चालवतोस काय रे?" मी म्हटलं. तो खो खो हसला. मी सवयीने हसलो.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. एकदा तर डेकवर डावीकडे उभं असलेलं विमान त्याने सरळ धडकून पाडलं. मी वैतागलो. सिम्युलेटर प्रत्येक उड्डाण साठवून ठेवतो, तेव्हा म्हटलं, एकदा त्याला पुराव्यानिशी गप्प करू. मी त्याचं उड्डाण माझ्या पडद्यावर त्याच्या पायलटच्या खुर्चीतून, म्हणजे त्याच्यासमोर होतं तसं, बघायला घेतलं. आम्ही टोपीला एक क्लिप लावतो, डोकं वळवलं की पडद्यावरचं दृश्यही वळतं. त्यामुळे तो कधी कुठे बघत होता ते सगळं मला दिसत होतं. वळण्याआधी त्याने डावीकडे बघितलं होतं. माझं विमान पडद्याच्या डाव्या भागात ढळढळीत होतं. त्याने बघितलं, रस्ता मोकळा असल्यासारखी मान सरळ केली आणि वळला. उतरायच्या दिव्यासाठी तर हा अख्खी मान फिरवत होता, तेव्हा कुठे त्याला तो सापडायचा.

बाबांना शेवटी काचबिंदू होता. त्यात कडेची नजर आधी जाते, म्हणून उशिरा कळला. त्याआधी वर्षभर त्यांच्या ताटातलं डावीकडचं लोणचं, चटणी तशीच राहायची आणि आई म्हणायची, यांना हल्ली तिखट सोसत नाही.

माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. नाही झालं. मी उठून चहा केला, प्यायलो, कप विसळला. मग विसळता विसळता एवढंच डोक्यात आलं की बसचं दार डावीकडे असतं. पोरं डावीकडूनच चढतात, डावीकडूनच उतरतात.

दादाला सरळ सांगितलं असतं तर त्याने मला उडवून लावलं असतं. मी फोन करून म्हटलं, "मला डोळे तपासायचेत. बाबांना होतं ना, म्हणून. चल ना सोबत, तुझेही दाखवू." मी कंटाळलेला असतो, माझी काळजी घ्यावी लागते, हे त्याने मनात पक्कं धरलं होतं. लगेच तयार झाला.

अंधेरीला डॉक्टरांनी आधी मला बघितलं आणि सोडून दिलं. दादाला मात्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, यांची नजर कुठवर पोचते ती तपासू. मी त्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो. दादाने एका डोळ्यावर पट्टी लावून एका पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घातलं. समोर बघत राहायचं, कडेला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. दर ठिपक्याला मशीन घुर्र करायचं, दादा बटण दाबायचा, टक. घुर्र, टक. घुर्र, टक. मग घुर्र. पुन्हा घुर्र. पुन्हा. बटण वाजेना. मशीन चालवणारी बाई स्क्रीनकडे बघत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मला घाम फुटला. मी मनात म्हणत होतो, दाब रे, दाब ना दादा. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी वाटत होतं, आणि ती भीती होती.

दादा डोळे चोळत मागे सरकला. खुशीत होता.

"झकास! सोपं होतं रे," तो म्हणाला. "फक्त या बाई मधे मधे ठिपके बंद ठेवत होत्या. तेवढा वेळ नुसतं बसून राहायचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कोणीतरी बोलायला हवं होतं.

"दादा, ठिपके बंद नव्हते," मी म्हटलं. "एकदाही नाही."

"चल, मस्करी नको करू."

"आईशप्पथ."

तो बाईंकडे बघायला वळला. त्यांनी मान हलवली. त्याच्या हातात ते बटण अजून तसंच होतं. त्याने ते हळूच टेबलावर ठेवलं.

डॉक्टर म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. रोज थेंब घालायचे. दादाने एकच विचारलं, "गाडी?" त्यांनी नाही म्हटलं. तो बरं म्हणाला, चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि बाहेरच्या बाकावर बसून शाळेत फोन लावला.

"उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा, सर. नाही नाही, सुट्टी नकोय... डोळ्यांचं आहे... नाही हो, बरं व्हायचं नाही." तिकडून काहीतरी बोललं गेलं. दादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "नाही, अजून कोणाला लागलेलं नाही. म्हणूनच सांगतोय."

फोन ठेवल्यावर त्याने मला विचारलं, "नाय ना रे लागला कोणाक?"

मला माहीत नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं.