दादाच्या ट्रकमधले दोन स्विच

परवा माझा पुतण्या चि. सुधीर याने आपल्या आईवडिलांच्या आठवणी इथे लिहिल्या. लेख प्रेमाने लिहिला आहे... परंतु प्रेमाने लिहिलेले सगळेच अचूक असते असे नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ट्रकच्या मागच्या दिव्यांना दुसरा स्विच बसवला तो हौस म्हणून, आणि तोही लग्नानंतर.

ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्या वेळी ट्रकखाली तारा धरून मी स्वतः आडवा पडलो होतो, म्हणून लिहितो.

महायुद्ध नुकतेच संपले होते. लष्कराने मोडीत काढलेला एक ट्रक आमच्या मिशनच्या दवाखान्याने नगरजवळच्या भिंगार छावणीतून आणला आणि त्याचा फिरता दवाखाना केला. दादा ड्रायव्हर, मी कंपाउंडर आणि रूथबाई नर्स. रूथबाई पुढे माझ्या वहिनी झाल्या... तेव्हा मात्र दादा त्यांच्याशी कामापुरतेही चाचरत बोलत असे.

पाथर्डीच्या वाटेवरील गावांत बायका दिवसभर शेतात असत. त्या दिवेलागणीनंतरच येत. ट्रकच्या मागच्या भागात, ताडपत्रीच्या पडद्याआड, कामाचे दोन मोठे दिवे होते. गावात पोहोचलो की दादा पडदा वर करून दिवे लावी... तो उजेड दिसला की लोकांना कळे, दवाखाना आला.

अडचण त्या उजेडाचीच होती. फळीवरून वर चढणाऱ्या बाईवर तो सगळा उजेड पडे, आणि समोर पारावर गावची पुरुषमंडळी बसलेली. म्हणून बाई अंधारात चढायची, पडदा पडायचा आणि मग दिवे लागायचे, अशी रीत पडली. स्विच मात्र पुढे, दादाच्या हाताशी. रूथबाईंना दर वेळी मागून 'विझवा', 'लावा' असे ओरडावे लागे, आणि पारावर हशा पिके.

आमच्या दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी सांगितले, मागेही एक स्विच बसवा. दादाने बसवला. दोहोंपैकी कोणताही दाबला तरी दिवे लागत, त्यामुळे तो खुशीत होता... कोणत्याही एकाने ते विझतात का, हे मात्र त्याने पाहिलेच नव्हते. एका स्विचने लावलेले दिवे दुसऱ्याने विझत नाहीत, हे आम्हांला गावात पोहोचल्यावर समजले.

त्या संध्याकाळी दादाने नेहमीप्रमाणे पुढून दिवे लावले, केबिनला कुलूप घातले आणि तो रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीवर गेला. कुलूप लावल्याशिवाय तो गाडीपासून हलत नसे. इकडे फळीपाशी एक ओली बाळंतीण येऊन उभी राहिली. छातीला गळू झालेले, अंगात ताप, आणि बाळ दोन दिवस उपाशी. बरोबर तिची सासू.

"ताई, आदी उजेड घालवा," सासू हळूच म्हणाली. "समदी बगत्यात."

रूथबाईंनी स्विच दाबला, पुन्हा दाबला... दिवे तसेच. मी विहिरीकडे धावलो. पारावरून कोणीतरी म्हणाले, "बाई, फुकून बगा की." दादा बादली टाकून पळत आला, तोवर ती मुलगी पदर तोंडावर ओढून घरी परतली होती. कोणी बोलावूनही ती आली नाही.

परतीच्या वाटेवर रूथबाई एवढेच म्हणाल्या, "त्या गळूला आठवडाभर थांबता येणार नाही." आमची फेरी आठवड्याची होती.

सकाळी दादा डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात जिन्याखाली उभा राहिला. त्या जिन्यातला दिवा खाली लावून वर विझवता येई. तसे दोन स्विच हवेत, दोहोंमध्ये एकाऐवजी दोन तारा हव्यात, हे दादाला तिथे उमगले. तसले स्विच नगरच्या दुकानांत मिळेनात. दादा भीतभीत पुन्हा बंगल्यावर गेला.

"काढून न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिना माझ्या पायांना पाठ आहे."

दुपारभर आम्ही तारा ओढल्या, आणि फेरीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी पुन्हा त्या गावी गेलो. दादाने पुढून दिवे लावले. सासूसुनेला घरून आणायला रूथबाई स्वतः गेल्या... परतल्यावर त्यांनी मागचा स्विच दाबला. गडद अंधार झाला. फळी करकरली, पडदा पडला, मग आत उजेड झाला. गळू फोडल्यावर ती मुलगी रडली, तिच्या पाठोपाठ बाळही रडू लागले, आणि ते ऐकून पारावरचे लोक प्रथमच गप्प झाले.

ती अंधारातच उतरून गेली. आता ट्रकवर रूथबाई एकट्या, पडदा वर केलेला, पायाखालची फळी दिसेना. तेवढ्यात दिवे लागले. दादाने पुढून लावले होते. त्या उतरल्या. पुढे प्रत्येक गावी हेच होत गेले... शेवटची बाई गेली की मागून अंधार, आणि मग पुढून उजेड.

आता सुधीरसाठी कालक्रम. नक्की दिवस आठवत नाही तिथे मी तो रचलेला नाही.

ट्रक आला : युद्ध संपल्यानंतर. आधी नव्हे.

दुसरा स्विच : त्याच हिवाळ्यात, ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत. पावसाळ्यात नव्हे, पावसाळ्यात तो रस्ता बंदच असे.

जोडणी दुरुस्त झाली : फजितीच्या दुसऱ्या दिवशी. 'काही महिन्यांनी' नव्हे.

लग्न : पुढच्या नाताळाच्या आठवड्यात. म्हणजे स्विच आधी, लग्न नंतर.

दादाने मागणी घातली : कधीच नाही. मी वहिनींना एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, "विचारायचं काय राहिलं होतं, भाऊजी? रोज दिवा लावत होते की."