पारुबाईची सुट्टी

सिद्धेश्वरच्या रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात सपना कामाला लागली, तेव्हा वर्षभरात चार बाया तिथलं काम सोडून गेल्या होत्या. काहून गेल्या, ते कुणी सांगेना. सेनगावची सपना उन्हात सोयाबीन कापून थकली होती. सावलीतलं काम मिळालं, एवढंच तिनं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अनुसूयाआजींची पाठ पुसत होती. शेजारची खाट रिकामी होती. त्या खाटेकडं पाहत आजी सहज म्हणाल्या, "पारू सांगते, विष्णुपंत पडलेत."

सपना धावली. टोकाच्या खोलीत विष्णुपंत खरंच फरशीवर पडलेले होते, तोंडातून आवाज फुटत नव्हता. आजी तर दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, कानांनीही अधू.

"पारू कोण, सर?" तिनं व्यवस्थापक अनिरुद्धला विचारलं.

त्यानं मान खाली घालून सांगितलं. पारुबाई अकरा वर्षं इथं कामाला होती. बदली बाई मिळेना, म्हणून तिला सुट्टी कधी मिळालीच नाही. एका दुपारी आजींच्या शेजारच्या त्या खाटेवर जरा टेकली, ती उठलीच नाही.

पुढं रोजच पारूचे निरोप येऊ लागले. कुणाची गोळी राहिली, कुणाला ताप चढला. दर वेळी बराबर. सपना त्या खाटेजवळून जायचं टाळू लागली. बाराव्या दिवशी तिनं पिशवी भरली आणि आजींचा निरोप घ्यायला गेली. जाता जाता त्यांच्या कानाशी वाकून तिनं विचारलं, "आजी, पारुबाई अजून काहून येतात?"

आजींनी शेजारच्या खाटेकडं कान दिला, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. मग म्हणाल्या, "तिला कुणी घरी जा म्हटलंच नाही."

सपनानं खाटेकडं पाहिलं. सकाळी तिनंच ताणून घातलेली चादर मधोमध दबली होती.

तिनं हात जोडले. "पारुबाई, लई केलं तुमी. आता घरी जा. मी हाय."

चादर हळूहळू वर आली, सपाट झाली.

सपना तशीच ऑफिसात गेली. "सर, बाया पारुबाईला भेत न्हाईत. आपलं बी असंच व्हईल, ह्याला भेतात. आठवड्याला एक सुट्टी द्या, दुपारी तासभर पाठ टेकू द्या. मग थांबतील."

अनिरुद्धनं ते मान्य केलं. कामाला साक्षी आली, मग जनकाबाई आली. दोन वर्षं झाली, एकही बाई काम सोडून गेलेली नाही. आजींनी पारूचं नाव पुन्हा काढलं नाही.

सपनाची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी सेनगावच्या जीपमध्ये बसली, की ती वळून आश्रमाच्या व्हरांड्याकडं पाहते. आपण अजून तिथंच उभी तर नाही ना, एवढी खात्री करून घेते, आणि मगच काच वर करते.