काढून टाकलेला आवाज

सकाळची डब्याची घाई. ठोक्याची बायको एका हाताने भाजी हलवत दुसऱ्या हाताने झाकण शोधत होती आणि ठोक्या स्वयंपाकघराच्या दारातच कुणाचं तरी दुरुस्तीला आलेलं वॉशिंग मशीन आडवं पाडून त्याचा पट्टा बदलत होता.

"या घरात माणसांपेक्षा परक्यांची मशिनं जास्त," ती पुटपुटली, तेवढ्यात दार वाजलं.

दारात लांब्या. जुन्या बँडमधला गिटारवाला. ठोक्याचा धाकटा भाऊ वारला त्या दिवशी येऊन रडून गेला होता, तो थेट आज उगवला.

"वहिनी, चहा नको, आधी बातमी ऐका! आपलं गाणं सिनेमात घेतायत!"

"चहा विचारलाय कुणी?" ती म्हणाली आणि आधण ठेवलं.

बँड तिघांचा. लांब्याची गिटार, ठोक्याचे ड्रम, धाकटा गायचा. गाणं रेकॉर्ड झालं ते एकच, गॅरेजमागच्या बोळकांडीवजा खोलीत, एका माइकवर. ड्रम दारातून जेमतेम आत आले आणि माइकखालीच अडकले. धाकटा पार पलीकडच्या भिंतीला टेकून घसा फोडत राहिला. रेकॉर्डिंगमध्ये ड्रम धो धो, आणि तो विहिरीच्या तळातून हाका मारल्यासारखा. पुढे काम मिळेना, तो दारूला लागला आणि दारूनेच त्याला नेलं. आतल्या खोलीत आई अजूनही ते गाणं कानाशी धरते आणि थोड्या वेळाने ठोक्याला म्हणते, "तूच ऐकू येतोस रे."

लांब्याने मोबाइलवर गाणं लावलं. गिटार तीच, ड्रम तेच. वर मात्र एक गुळगुळीत, तेल लावून बसवलेला आवाज.

ठोक्याचा पाना थांबला. "हा कोण?"

"नवा पोरगा आहे. सध्या चालतोय."

"आणि आपला?"

"अरे, त्याचं काही कळतच नव्हतं. आता आवाज वेगळा काढता येतो कॉम्प्युटरवर. दिग्दर्शकाला तुझे ड्रम आवडले. ते आणि माझी गिटार तेवढी ठेवली."

"मेल्यावरही बाजूलाच काढलंत त्याला," बायको आधणाकडे बघत म्हणाली.

लांब्याची मान खाली गेली. "भांडलो मी, वहिनी. ते म्हणाले, नाहीतर दुसऱ्यांचं घेतो. तुमच्या घरची संमती लागते, म्हणून हा कागद घेऊन आलो. माझ्या दारात पुन्हा कोण येणारे सिनेमावाला?"

ठोक्याला वाटलं, याला असाच हाताला धरून जिन्यावरून खाली काढावा. तो उठलाही. मग मध्येच थबकला.

"वेगळा काढला म्हणजे... एकटा? ड्रमशिवाय?"

"हो, तशी फाईल निघते. तिचा काही उपयोग नसतो, खोडून टाकतात."

ते गाणं धाकटा गायला तेव्हा ठोक्या स्वतःच बडवत होता. त्या गाण्यातला नुसता धाकट्याचा आवाज ठोक्यानेही कधी ऐकला नव्हता. आतून आईचा खोकला आला. ठोक्याने हाताचं ग्रीस चड्डीला पुसलं, लांब्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि मशिनवर ठेवून सही केली.

"नाव कुणाचंही लावा," तो म्हणाला. "तुम्ही काढलेला आवाज तेवढा खोडू नका. मला आणून दे. आईला ऐकवायचाय."