विहिरीवरचं इंजिन

अमरावतीत बडनेरा रोडला मोतीराम भुयारांचं भंगाराचं दुकान आहे. दुकान मोतीरामचं खरं, पण लोखंड ओळखावं ते त्यांच्या बायकोनं, कौशल्यानं. परतवाड्याला तिचे वडील जीपगाड्यांचे मिस्त्री होते. इंजिनाच्या रिकाम्या सांगाड्याला धंद्यात ब्लॉक म्हणतात. तो हातोडीनं हलकेच वाजवून बघायला ती वडिलांजवळच शिकली. घंटेसारखा घुमला तर धडधाकट, फुटक्या माठासारखा वाजला तर तडकलेला.

मोतीराम असले ब्लॉक वजनावर घेत आणि वजनावरच भट्टीला पाठवत. नऊ वर्षांपूर्वी ट्रक भरताना कौशल्यानं एक ब्लॉक खाली उतरवायला लावला, तारेच्या ब्रशनं घासून त्यावरचा, इंजिन कुठल्या गाडीचं ते सांगणारा ओतीव नंबर उघडा केला आणि जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरचा एक माणूस टेम्पो घेऊन दारात उभा. तेव्हापासून तिला विचारल्याशिवाय मोतीरामनं ट्रक भरला नाही. शेजारचे दुकानदार मात्र हसायचे. "भुयारबाई लोखंडाची पत्रिका पाह्यतात," म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात अकोल्याचे वकील शुभंकर देव तिच्याकडे आले. त्यांनी १९४८ सालची एक सहा सिलिंडरची मोटार हौसेनं उभी करायला घेतली होती. पत्रा झाला, गाद्या झाल्या, पण मूळच्या इंजिनाचा पत्ता नव्हता. मुंबई, पुणे, कोइमतूर पालथं घालून झालं होतं.

"देशात हा ब्लॉक उरलाच नाही म्हणतात," वकील म्हणाले.

"म्हणणाऱ्यायनं गॅरेजात पाह्यलं असंन," कौशल्या म्हणाली. "आमच्या इकडं गाडी मेली का इंजिन वावरात जाये. मले एक महिना द्या."

ती एसटीनं फिरली. तिवसा झालं, चांदूर झालं. पिठाच्या गिरण्या पाहिल्या, बुजलेल्या विहिरींचे काठ पाहिले. चार इंजिनं सापडली, चारही भलतीच. पंचविसाव्या दिवशी नांदगाव खंडेश्वरजवळ सूर्यभान धोटे नावाच्या म्हाताऱ्याच्या वावरात ती पोचली. विहिरीशेजारी चौथऱ्यावर गंजानं लाल झालेलं एक धूड बसलेलं होतं. विजेची मोटर येईपर्यंत त्यानंच संत्र्याच्या बागेला पाणी पाजलं होतं.

"विकाचं नाई," सूर्यभान आधीच म्हणाले. "तीन भंगारवाले येऊन गेले."

"विकू नका. मले फक्त घासून पाहू द्या."

तासभर ती उन्हात घासत बसली. गंजाखालून एकेक आकडा वर आला. शेवटचा आकडा दिसला तेव्हा तिच्या हातातला ब्रश थांबला. वकिलांनी नंबर लिहून दिलेल्या कागदाचा फोटो तिनं मोबाईलवर उघडला, पुन्हा एकदा ताडून पाहिलं, आणि मग म्हाताऱ्याला सगळं खरं सांगितलं: हे काय आहे, कोण शोधतंय, आणि भंगाराच्या भावाच्या किती पट त्याचं मोल आहे.

"एवढं मले काहून सांगून राहिली बाई? गुपचूप नेलं असतं."

"तुमचं हाये म्हणून."

सूर्यभाननी उघड्या पडलेल्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. "ते तिघं वजन इचारत होते. तू नंबर इचारला," ते म्हणाले. "ने, सांगतलं त्या भावानं. पन भट्टीत नोको घालू."

अकोल्याला वकिलांच्या शेडमध्ये इंजिन खोललं. पुण्याहून खास बोलावलेला मिस्त्री बॅटरी मारून आत पाहत होता. दोन सिलिंडरांच्या मधोमध त्याला एक बारीक रेघ दिसली. "तडा आहे, साहेब. हा ब्लॉक गेला," तो म्हणाला. "ताई, भंगारवाल्यांना हे कळत नाही, तुमचा दोष नाही."

वकिलांचा चेहरा उतरला. कौशल्यानं आवाज चढू दिला नाही. "रेघ मले पन दिसली. रॉकेल आना अन् खडू आना."

तिनं ती जागा रॉकेलनं भिजवली, कोरडी पुसली आणि वर खडूची भुकटी चोळली. तडा असता तर त्यात मुरलेलं रॉकेल पांढऱ्या भुकटीवर ओल होऊन उमटलं असतं. अर्धा तास झाला. भुकटी कोरडी ठणठणीत. ती साच्याची रेघ होती, ओततानाच राहिलेली.

"यानं भागत नाही. पाण्याच्या दाबावर टिकायला हवा," मिस्त्री म्हणाला.

"मंग लावा दाब."

एमआयडीसीतल्या वर्कशॉपात ब्लॉकची सगळी भोकं पट्ट्यांनी बंद केली, आत पाणी भरलं, दाब चढवला. मिस्त्री स्टूल घेऊन दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर बसला. कौशल्या उभीच होती. पाऊण तासानंतरही काटा केसभर हलला नाही. मिस्त्री उठला, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, चुकलो. मला अजून दोन ब्लॉक हवेत. नंबर लिहून देतो, तुम्हीच शोधा."

सिलिंडर घासून, नवे पिस्टन बसवून गाडी तयार व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. फेब्रुवारीत वकिलांनी ती अकोल्याहून अमरावतीला चालवत आणली, आणि पुढच्या सीटवर कौशल्याला बसवलं. हिरवीगार मोटार, पितळी कडा लखलखीत. मूर्तिजापूरला चहाला थांबले तर बघता बघता पन्नास माणसं गोळा झाली.

"कोनाची गाडी हाये साहेब?" एकानं विचारलं.

"गाडी माझी," वकील म्हणाले, "इंजिन या बाईंचं."

लोकांनी बॉनेट उघडायला लावलं. कौशल्या खाली उतरली. साडीचा पदर कमरेला खोचून तिनं ब्लॉकवरचा नंबर बोटानं दाखवला, तो कसा वाचायचा ते सांगितलं, आणि सूर्यभान धोट्यांच्या विहिरीचंही नाव घेतलं. मागून एक ट्रॅक्टरवाला पुढे सरकला. "बाई, आमच्या मामाच्या गिरणीत असंच एक धूड पडून हाये. याल काय पाह्याले?"

"गाव सांगा," ती म्हणाली, आणि पर्समधून वही काढली.