विहिरीतल्या पाकोळ्या

परवा गावच्या दूध सोसायटीची बंद खोली उघडली आणि पाकोळ्यांच्या लेंड्यांचा उग्र वास नाकात शिरला. डोळ्यांपुढे दुष्काळातली आमची विहीर उभी राहिली.

ही अंगठ्याएवढी वटवाघळं तिच्या कपारीत राहायची. दिवस मावळताना किडे टिपायला निघण्याआधी ती उडता उडताच पाण्याला तोंड लावायची. तळात अंधार असायचा, पण पाकोळी टेकली की पाणी हलून चमकायचं. ते बघूनच आई बादली सोडायची. त्या सांजेला पाणी लागलं नाही, तर सकाळी घराला कुलूप लावून म्हशीसकट कडा गावच्या चारा छावणीत जायचं ठरलं होतं.

"टेकल्या का गं?" आईनं विचारलं.

"न्हाई. नुसत्या घिरट्या घालायल्यात."

"नीट बघ. एखादी तरी टेकली आसंल."

पाकोळ्या पुन्हा पुन्हा खाली जात होत्या आणि कोरड्या खडकावरून वळून वर येत होत्या. मला आईचा राग आला. दिसत असूनही ती मानत का नाही? आज वाटतं, पाकोळ्या तरी कुठं मानत होत्या!

आईनं बादली सोडली. ती खडकावर खणकन आपटली. तरीही आई दोर सोडतच राहिली.